सर्व्हरची डिस्क भरली? बर्डीला जायच्या आधी हे पाहा

प्रश्न : नमस्कार भाऊ. वाडीला आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, मी तिथं अकाउंट पाहतो आणि कॉम्प्युटरचंही मलाच पाहावं लागते, दुसरं कोणी नाही. तीनेक वर्षांआधी ओळखीच्या एका पोरानं जुन्या डेस्कटॉपवर उबंटू सर्व्हर टाकून दिला, त्याच्यावर बिलिंग चालते आणि रोजच्या बिल्ट्या स्कॅन होऊन पडतात. परवा सकाळी बिल सेव्हच होईना, ‘नो स्पेस लेफ्ट’ दाखवून राहिला. डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारून पाहिलं तर 98 जीबी पूर्ण भरलेलं. पण डिस्कच्या स्टिकरवर तर 480 जीबी लिहून आहे! मालक म्हणतात बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जा आणि नवीन डिस्क आण. आणू का? आणि आहे तो डाटा न उडवता जोडता येते का?

उत्तर : थांबा भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. 98 हा आकडा वाचला आणि मला हसूच आलं, कारण हा आकडा दिसला की अर्धं निदान तिथंच होऊन जाते. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएमनं (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) डिस्क लावतो, आणि जागा 200 जीबीपेक्षा जास्त असली की मुख्य फाइलसिस्टमला (जिथं फाइली राहतात तो भाग) फक्त 100 जीबी देऊन बाकीची तशीच मोकळी सोडून देतो (20 ते 200 च्या मधे असली तर अर्धी देतो). म्हणजे पुढं स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्यायचा असेल, वेगळा व्हॉल्यूम काढायचा असेल तर जागा हाताशी राहावी. विचार चांगला आहे, पण इन्स्टॉल करणारा माणूस ‘डन’ ‘डन’ दाबत पुढं जातो आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या त्या पोराचंही तेच झालं असणार, त्याला रागवू नका. 100 चे 98 का दिसतात, तर थोडी जागा फाइलसिस्टम आपल्याच हिशेबाच्या वह्यांत खाते. आणि 480 ची डिस्क मशीनवर 447 च दिसेल, कंपनी हजारानं मोजते आणि लिनक्स 1024 नं, त्यात दुकानदाराशी भांडायचं काही कारण नाही.

आता गोष्ट अशी आहे की बाजूचा प्लॉट विकत घेतला, सातबाऱ्यावर नाव चढलं, पण तारेचं कुंपण अजून जुन्याच जागी आहे, तर गाय काही पलीकडं चरायला जात नाही. डिस्क एक थर, तिच्यावर पार्टिशन, पार्टिशनवर एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप, त्यातून काढलेला लॉजिकल व्हॉल्यूम, आणि सगळ्यात वर फाइलसिस्टम. डीएफ तुम्हाला फक्त वरचा थर दाखवते. खालचं पाहायचं तर एलएसबीएलके मारा, मग व्हीजीएस मारा आणि त्यात ‘व्हीफ्री’ लिहिलेला कॉलम पाहा. तिथं तुम्हाला 340 जीबीच्या वर आकडा दिसला पाहिजे. शून्य दिसला तर मात्र माझा अंदाज चुकला, पुढचं काही करू नका, मला परत लिहा. (मासिकात देवनागरीत छापावं लागते म्हणून असं लिहून राहिलो, टाइप करताना कमांड इंग्रजी लहान अक्षरातच करायची, ‘मोठा’ म्हटलं तिथंच मोठं अक्षर.)

करायच्या आधी बिलिंगच्या डेटाबेसचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. हे काम चालू सर्व्हरवर होते, रिस्टार्टही लागत नाही, पण मधेच लाइट गेली तर काय, म्हणून यूपीएस चालू आहे ना ते पाहून घ्या. आणि थोडी जागा आधी मोकळी करा, कारण एलव्हीएम बदल करायच्या आधी स्वतःच्या नोंदी लिहून ठेवते आणि डिस्क ठासून भरलेली असली तर तिथंच अडते. सुडो एपीटी क्लीन मारा, जर्नलसीटीएल ला डॅश डॅश व्हॅक्यूम डॅश साईझ, बरोबरचं चिन्ह, 200 आणि मोठा एम असं सगळं चिकटवून देऊन मारा, तेवढ्यानं बरंच हलकं होते.

मग एकच कमांड : सुडो एलव्हीएक्सटेंड, डॅश आर, डॅश मोठा एल, अधिक 200 जी, आणि शेवटी व्हॉल्यूमचा पत्ता जो डीएफमध्ये पहिल्या कॉलमात दिसते तो. यातला अधिक विसरू नका, अधिक टाकला म्हणजे ‘आणखी 200’, नाही टाकला म्हणजे ‘एकूण 200’. आणि डॅश आर म्हणजे व्हॉल्यूमसोबत फाइलसिस्टमही वाढव. लोक हाच विसरतात, मग कुंपण जुनंच राहते आणि म्हणतात कमांड चालली पण फरकच नाही. विसरले तरी बिघडत नाही, नंतर रिसाईझटूएफएस मारलं की होते. सगळे 340 मी मुद्दामच देऊन राहिलो नाही. ईएक्सटी4 (उबंटूची नेहमीची फाइलसिस्टम) चालू असताना वाढवता येते, पण कमी करायची तर अनमाउंट करावी लागते, म्हणजे वापरातून काढावी लागते, आणि रूट म्हणजे मुख्य फाइलसिस्टम अनमाउंट करायची म्हणजे दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मशीन बूट करत बसा. थोडी शिल्लक राहिली तर कामात येते.

आणि मालकांना डिस्क घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पण याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जोडू नका. एक फाइलसिस्टम दोन डिस्कवर पसरली की दोनपैकी कोणतीही एक मेली तरी सगळंच गेलं. नवीन डिस्क बॅकअपसाठी वेगळी ठेवा, आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात त्या कोपऱ्यातल्या डेस्कटॉपचा काही भरवसा नाही.

प्रश्न : धरमपेठेत आमचा छोटा क्लास आहे, वेबसाइट क्लाउड सर्व्हरवर आहे. पॅनलमधून डिस्क 20 ची 50 जीबी केली, बिलही वाढून आलं, पण डीएफमध्ये अजून 20 च. एलव्हीएम वगैरे काही नाही. फसवलं का आम्हाला?

उत्तर : नाही ताई, डिस्क वाढलीच आहे, पार्टिशन वाढलं नाही. ग्रोपार्ट मारायचं, त्यात डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा नंबर यांच्यामधे जागा सोडायची, चिकटवून लिहिलं तर चालत नाही. त्यानंतर फाइलसिस्टम. डीएफला डॅश मोठा टी लावून प्रकार पाहा. ईएक्सटी4 असली तर रिसाईझटूएफएस आणि त्याला पार्टिशनचा पत्ता, एक्सएफएस असली तर एक्सएफएस अंडरस्कोर ग्रोएफएस आणि त्याला मात्र माउंट पॉइंट (फाइलसिस्टम जिथं जोडली आहे ती जागा), म्हणजे बहुतेक नुसती तिरपी रेघ. डिस्क पूर्णच भरलेली असेल तर ग्रोपार्टच म्हणेल की टेम्प फोल्डरमध्ये जागा नाही, गंमतच आहे, जागा वाढवायलाही जागा लागते. अशा वेळी आधी एखादी जुनी झिप फाइल उडवा. दोन्ही करायच्या आधी पॅनलमधून स्नॅपशॉट घ्या.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये आहे. 40 जीबीची लॉग फाइल डिलीट केली तरी डीएफमध्ये जागा तेवढीच! डीयू (फाइलींची बेरीज दाखवणारी कमांड) मात्र कमी दाखवते. कोण खोटं बोलून राहिलं?

उत्तर : कोणीच नाही. ज्या प्रोग्रामनं ती फाइल उघडून ठेवली आहे तो अजून तिला धरून बसला आहे. नाव गेलं, फाइल नाही गेली. एलएसओएफ ला अधिक मोठा एल आणि एक देऊन मारा, धरून बसलेला सापडेल, ती सर्व्हिस रिस्टार्ट केली की 40 जीबी परत. पुढच्या वेळी डिलीट न करता ट्रंकेट करा (फाइल राहते, आतलं रिकामं होते), डॅश एस शून्य देऊन, आणि लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप काढत राहणारा प्रोग्राम) लावून घ्या. त्यानंही सुटलं नाही आणि डीएफमध्ये जागा दिसत असून फाइल बनत नसेल तर डीएफ डॅश लहान आय मारा, बारीक बारीक लाखो फाइल्स झाल्या की आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपतात. ईएक्सटी4 मध्ये ते फॉरमॅट करतानाच ठरतात, तेव्हा जुन्या सेशन फाइल्स, रांगेत अडकलेले मेल असं काय काय पडून आहे ते आधी शोधा.