डब्यातला रस: जाड किती, पातळ किती

प्रश्न: शिरवाळ्यांसाठी (नारळाच्या गोड रसात खायच्या तांदळाच्या शेवया) नारळाच्या दुधाचे दोन डबे आणले, दोन्ही ४०० मिलिचे. एकावर १०० मिलिमागे १८ ग्रॅम फॅट लिहिलंय, दुसऱ्यावर ‘लाइट’ आणि ६ ग्रॅम. यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून लाइट वापरला, तर रस अगदी पांचट झाला. दोन्हींत नेमका फरक काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, फरक मुख्यतः पाण्याचा. माझी आई मालवणात खवलेला नारळ वाटून पंच्यातून पिळायची. पहिला रस जाड निघायचा, तो बाजूला ठेवायचा. मग त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरा, पुन्हा तिसरा. शिरवाळ्यांना पहिला रसच लागतो. गूळ आणि वेलची पेलायला तेवढा स्निग्धांश हवा. तुमच्या लाइट डब्याचा दाटपणा आईच्या शेवटच्या पिळणीसारखा.

डब्यावरच्या नावावर विसंबू नका. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात लाइट दुधाला किमान ५ टक्के, साध्या दुधाला १० आणि क्रीमला २० टक्के स्निग्धांश सांगितलाय. म्हणजे ११ टक्क्यांचाही डबा ‘नारळाचं दूध’ आणि १९ टक्क्यांचाही! मागच्या बाजूचा फॅटचा आकडा वाचा, तोही १०० मिलिमागचा. अमेरिकेहून आलेल्या डब्यांवर बहुधा ८० मिलिचा हिशेब असतो. तिथे १२ ग्रॅम दिसले तर ते १०० मिलिमागे १५ होतात. ‘नारळ अर्क ६० टक्के’ हा आकडा डब्यात नारळाचा रस किती ते सांगतो, फॅट किती ते नव्हे, त्यानं फसू नका.

आता तुमचाच जाड डबा घ्या. त्यात ७२ ग्रॅम फॅट आहे. त्यात दोन डबे पाणी घातलंत तर १२०० मिलि दूध होईल, १०० मिलिमागे ६ ग्रॅमचं. म्हणजे एका डब्यात तुमचे तीन लाइट डबे! म्हणून मी लाइट विकत घेतच नाही.

यजमानांचं मात्र मनावर घ्या. नारळाच्या स्निग्धांशात सुमारे ९० टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारा प्रकार असतो, तेव्हा किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. १०० मिलिची वाटी धरली, तर अर्धी वाटी जाड दुधात ९ ग्रॅम फॅट येते आणि लाइटच्या दीड वाटीतही तेवढीच. चव लागत नाही म्हणून माणूस पुन्हा पुन्हा वाढून घेतो, हे मी घरी पाहिलंय. त्यांना जाड रसच द्या, पण थोडा.

उरलेला लाइट डबा सोलकढीला वापरा. तिथे पातळच बरं. जाड दुधाची सोलकढी फ्रिजमध्ये ठेवली की वर पांढरे कण धरतात, कारण हा स्निग्धांश २४ अंशांच्या खाली गोठतो. नाशिकच्या थंडीत डब्यातही वर घट्ट थर बसेल. तो खराब झालेला नसतो. डबा न उघडता कोमट पाण्यात ठेवा, मग चांगला हलवून उघडा.