चांदण्यात बसून अभ्यास करता येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात : पौर्णिमेच्या चांदण्यात पुस्तक वाचता येतं का, आणि रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याला चंद्राचा काही उपयोग आहे का.

वाचता येतं, पण अभ्यास होत नाही. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर आला तरी खाली जेमतेम ०.१ ते ०.३ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. अभ्यासाच्या टेबलावर तो ३०० लक्सच्या पुढे लागतो. मी हे होस्टेलच्या गच्चीवर करून पाहिलंय. धड्याचं मोठं शीर्षक आरामात दिसतं, पण खालच्या बारीक ओळीवर नजर रोखली की नेमकं तेच अक्षर विरघळतं आणि आजूबाजूची मात्र दिसत राहतात. कारण मंद उजेडात बघायचं काम डोळ्यांतल्या दंडपेशी करतात आणि नजरेच्या ऐन मध्यभागी त्या नसतातच. लाल पेनाने मारलेल्या खुणा तर चक्क काळ्या दिसतात. हे एकदा स्वतः बघाच, जीवशास्त्राचा तो धडा पुन्हा पाठ करावा लागणार नाही. अष्टमीला मात्र प्रयत्नही करू नका. चंद्र अर्धा असला तरी उजेड पौर्णिमेच्या साधारण दहावा हिस्साच असतो.

उपयोग मात्र नक्की आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. त्यामुळे संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक शुक्ल पक्षातला चंद्र येतो. वद्य पक्षातला, मध्यरात्रीच्या सुमारास तांबूस होऊन वर येणारा अर्धा चंद्र बघायला मिळतो तो जागणाऱ्यांनाच. परीक्षेच्या दिवसांत रात्री सगळीकडे सामसूम झाली की मी तो बघायला गच्चीवर जायचो. दिवसभर हातभर अंतरावरच्या पानावर खिळलेले डोळे लांबवर बघून खरोखर सैलावतात.

जाताना मोबाइल खोलीतच ठेवा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि स्क्रीनकडे एकदा बघितलं की सगळं पाण्यात. शिवाय रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर पडणारा प्रखर प्रकाश मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो आणि झोप लांबणीवर पडते. ती लांबू देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. रात्रभर जागून संपवलेला धडा पेपरात दगा देतो.

म्हणून वद्य अष्टमीच्या आसपास चंद्र उगवताना दिसला की पुस्तक मिटा. पुढच्या तिथींना तो एक-दोन वाजता येईल, त्याची वाट बघत जागू नका. पहाटे अभ्यासाला उठलात तरी तो आकाशात असतोच.