इराकपासून सुरुवात कर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अरब देश, तिथले धर्म, तिथल्या लढाया यांचा नीट अभ्यास करायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. सगळा पश्चिम आशिया एकदम हातात घेऊ नकोस. एक देश घे, आणि माझं ऐकशील तर इराक घे. अरब, कुर्द, तुर्कमेन, अ‍ॅसिरियन ख्रिस्ती, यझिदी आणि मँडियन या छोट्या स्वतंत्र धर्मांचे लोक, असे कितीतरी समाज तिथे शेजारी शेजारी राहत आले. एके काळी फार मोठा ज्यू समाजही होता. शियांची नजफ आणि करबला ही पवित्र शहरं तिथेच, आणि 762 साली वसलेलं अब्बासी खलिफांचं बगदादही तिथेच. इराण, तुर्कस्तान, सीरिया, कुवेत सगळे सीमेला लागून. इराक समजू लागला की शेजाऱ्यांकडे वळावंच लागतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं. ‘शिया-सुन्नी भांडण चौदाशे वर्षं चालूच आहे’ असं तू लिहिलं आहेस. हे वाक्य तुला शेकडो ठिकाणी वाचायला मिळेल, म्हणूनच ते आधी बाजूला ठेव. 680 साली करबलाला पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले आणि त्यांचा शोक आजही जिवंत आहे, यात शंका नाही. पण 2006 च्या फेब्रुवारीत सामर्‍याच्या अस्करी या शियांच्या पवित्र दर्ग्याचा सुवर्णघुमट उडवला गेला आणि त्यानंतर बगदादमधल्या मिश्र वस्त्या रिकाम्या होत गेल्या, याचं कारण 680 मध्ये सापडत नाही. त्याच बगदादमध्ये 1920 साली ब्रिटिशांच्या विरोधात शिया आणि सुन्नी एकमेकांच्या मशिदींत जमत होते. तेव्हा कुठल्याही संघर्षाबद्दल वाचताना स्वतःला विचार: हे याच वर्षी का घडलं? आधी का नाही?

हा प्रश्न किती दूर नेतो बघ. दक्षिण इराक शियाबहुल आहे, तेव्हा तो पहिल्यापासून तसाच असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथल्या बऱ्याच अरब टोळ्या शिया झाल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, आणि त्या गोष्टीत एक कालवा आहे. नजफला पाणी नव्हतं. ते आणण्यासाठी अवधचे नवाब असफ-उद-दौला यांनी लखनौहून मोठी रक्कम पाठवली आणि 1803 च्या सुमारास हिंदिया कालवा पुरा झाला. पुढे युफ्रेटिसचं पाणी हळूहळू या कालव्याकडेच वळत गेलं. नदीच्या जुन्या पात्रावरच्या हिल्ला शहराकडची शेती सुकू लागली आणि नजफ-करबलाच्या बाजूला नवी जमीन भिजू लागली. उंट-मेंढ्यांमागे फिरणाऱ्या टोळ्या तिथे शेतीला बसल्या. तिथे राज्य करणाऱ्या उस्मानी (तुर्की) सरकारलाही ते हवंच होतं, कारण बसलेल्या माणसाकडून सारा वसूल करता येतो. याच काळात वाळवंटातून वहाबींच्या, म्हणजे अरबस्तानातल्या कडव्या सुन्नी पंथाच्या, धाडी येत होत्या. करबला लुटलं गेलं होतं, त्यामुळे या शहरांना राखणदार हवे होते. टोळ्यांचा बाजार आणि तीर्थयात्रा या शहरांत, तिथले धर्मोपदेशक त्यांच्या वस्त्यांवर. दोन-तीन पिढ्यांत पंथ बदलला. पाणी, सारा, धाडी आणि श्रद्धा हे सगळं एकत्र वाचल्याशिवाय यातलं काहीच उलगडत नाही. मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं.

मग पहिलं महायुद्ध. मोसुल, बगदाद, बसरा हे तीन उस्मानी प्रांत ब्रिटिशांनी घेतले. 1920 चं बंड मोडून काढल्यावर, 23 ऑगस्ट 1921 रोजी, अरबस्तानातल्या हिजाझहून आलेल्या फैजलला त्यांनी राजा केलं. त्याच्याभोवतीचे अधिकारी बहुतेक सुन्नी होते, कारण उस्मानी लष्करी शाळांतून तयार झालेला वर्ग तोच होता. निवडणुकांना विरोध करणाऱ्या शिया मुजतहिदांना, म्हणजे वरिष्ठ धर्मपंडितांना, 1923 मध्ये देश सोडावा लागला. इराकच्या पहिल्या अर्थमंत्र्याचं नाव मात्र नीट बघ: सासून हेस्केल, बगदादचा ज्यू. त्या देशाचं पुढे काय होणार हे तेव्हा ठरून गेलेलं नव्हतं. जून 1941 मध्ये बगदादच्या ज्यूंची कत्तल झाली आणि 1950-51 मध्ये लाखाहून अधिक ज्यू इस्राएलला निघून गेले. या दोन घटनांमधली वर्षं सावकाश वाच.

1980 ते 1988 च्या इराण-इराक युद्धापाशीही थांब. इराकी फौजेतले सामान्य शिपाई बहुसंख्य शिया होते आणि ते शिया इराणशी आठ वर्षं लढले. पलीकडे इराणच्या खुझेस्तान प्रांतातल्या बहुतेक अरबांनी अरब इराकची साथ दिली नाही. मार्च 1988 मध्ये हलबजा या इराकमधल्या कुर्द शहरावर सद्दामच्या फौजेनं विषारी वायू सोडला तेव्हा मेलेले कुर्द बहुतेक सुन्नीच होते, आणि सद्दामही सुन्नी. आणि 2003 च्या जुलैत अमेरिकनांनी पंचवीस जणांचं शासकीय मंडळ नेमलं ते मोजून: 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमेन, 1 अ‍ॅसिरियन. सत्तेत वाटा हवा तर पंथ सांगून मागायचा, हे तिथे उघडपणे पक्कं झालं.

एवढं वाचून धर्म म्हणजे नुसता बुरखा, खरं कारण पैसा, असा निष्कर्ष काढू नकोस. तोही आळसच. अरबईनला, म्हणजे हुसेन यांच्या शोकाच्या चाळिसाव्या दिवसासाठी, करबलाकडे पायी निघालेली लाखो माणसं कुणाच्या राजकारणासाठी चालत नसतात. वाटेवरच्या गावांतली कुटुंबं अनोळखी यात्रेकरूंना फुकट जेवू घालतात, त्यांचे पाय चेपतात. आपल्याकडे वारी बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. श्रद्धेला श्रद्धा म्हणून मान दे, आणि तिचा वापर कोण, कधी करतो हे वेगळं तपास.

आपला या इतिहासाशी थेट संबंध आहे, हेही तुला ठाऊक असावं. पुण्याच्या ज्या ससून कुटुंबाच्या नावाचं रुग्णालय तू रोज बघतेस, त्यातले डेव्हिड ससून बगदादचा उस्मानी सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचामुळे तिथून निघून 1830 च्या दशकात मुंबईला आले. 1914 मध्ये बसरा घेणारी फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तीच टायग्रिसकाठच्या कुत गावात वेढली गेली आणि 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीनं शरण आली. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैदेतल्या वाळवंटी पायपिटीत आणि छावण्यांत हजारो शिपाई मेले. त्यांची गावं आपल्या कोकणात आणि देशावर आहेत. 1932 मध्ये दिनार येईपर्यंत इराकच्या बाजारात आपला रुपया चालत होता. म्हणून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जा. आखाताचा कारभार मुंबई सरकार बघत असे, तेव्हाची राजकीय खात्याची दप्तरं तिथे आहेत. कतार डिजिटल लायब्ररीवर लंडनमधली इंडिया ऑफिसची कागदपत्रं घरबसल्या मोफत दिसतात. फक्त हे सगळे कागद साहेबांनी लिहिलेले आहेत, हे विसरू नकोस. टोळीचा शेख त्यांत ‘उपद्रवी’ ठरतो तो सारा दिला नाही म्हणून.

त्यासाठीच अरबी हवी. भाषांतरांवर फार काळ विसंबू नकोस. आधी वर्तमानपत्राची अरबी, मग इराकी बोली. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे, तिथे चौकशी कर.

आणखी एक सांगायलाच हवं. आपल्याकडचं हिंदू-मुसलमान राजकारण डोक्यात घेऊन इराक वाचू नकोस. मी अशी हुशार मुलं बघितली आहेत, जी तिकडचं प्रत्येक पान इकडच्या वादासाठी पुरावा म्हणून वाचतात. त्यांना ना इराक कळतो, ना आपला देश. 2014 च्या ऑगस्टमध्ये सिंजारच्या यझिदींवर ‘इस्लामिक स्टेट’च्या (आयसिसच्या) हातून जे गुदरलं ते वाचताना तुला राग येईल, रडूही येईल. येऊ दे. पण त्या बायकांचं दुःख दुसऱ्या कुणाच्या दुःखाशी तोलायला घेऊ नकोस. मोसुलच्या सुन्नी मुसलमानांनीही तीन वर्षं त्याच लोकांची राजवट सोसली, आणि 2017 मध्ये शहर सुटलं तेव्हा जुन्या वस्तीची माती झाली होती.

सध्या एवढंच कर. अरबीचा वर्ग लाव. आणि तीन नकाशे जवळ ठेव: 1914 च्या उस्मानी प्रांतांचा, नद्या-कालव्यांचा आणि आजच्या सीमांचा. तिन्हींवर हिंदिया, कुत, सामर्‍या, हलबजा, सिंजार शोधून खुणा कर. झालं की मला कळव. मग बसरा, नजफ की मोसुल यांतलं तुझं एक शहर आपण ठरवू.