मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग-१ यानाचं तैलचित्र काढतोय, मंगळाचं आकाश कोणत्या रंगात रंगवू?

तुम्हाला सापडलेल्या दोन छायाचित्रांपैकी एकात आकाश निळं आहे आणि एकात पिवळसर-गुलाबी. दुसरं धरा. मीही हेच यान दोन बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवर रंगवलंय, आणि याच प्रश्नापाशी आठवडाभर अडलो होतो.

यान २० जुलै १९७६ रोजी क्रायसी प्लॅनिशिया या मैदानावर उतरलं. पहिलं रंगीत चित्र घाईत जुळवलं गेलं, त्यात आकाश निळसर आलं. मग यानावरच बसवलेल्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं, की हवेतल्या बारीक तांबूस धुळीने आकाशच त्या रंगाचं केलंय. निळसर छटा असते ती मावळत्या सूर्याच्या आसपास.

पण आकाश धुळीचं मानलं की यानही त्याच उजेडात आणावं लागतं. माझं चुकलं ते इथे. सांगाडा फिकट राखाडी म्हणून मी टिटॅनियम व्हाइटमध्ये जरासा काळा घातला आणि सावल्यांना अल्ट्रामरीन दिला. आपल्या निळ्या आकाशाखाली सावली निळसर दिसते, हात त्याच सवयीने चालला. यान जमिनीवर उभं न राहता कापून चिकटवल्यासारखं दिसू लागलं. मग सावल्या पॅलेट नाइफने खरवडल्या आणि रॉ अंबर व बर्न्ट सिएना या तपकिरी रंगांत नव्याने रंगवल्या, राखाडीत चिमूटभर यलो ऑकर मिसळला. तुम्ही सुरुवातीलाच अख्ख्या कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा हात मारून वाळू द्या. तो रंग मधून मधून उघडा राहिला तर फार सुंदर दिसतो.

आकारासाठी वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममधल्या, चाचणीसाठी बनवलेल्या जुळ्या यानाचे फोटो बघा, कारण मंगळावर उभ्या असलेल्या या यानाचा समोरून फोटो काढणारं तिथे कुणी नव्हतंच. त्याच्या दोन कॅमेऱ्यांना दिसायचे ते स्वतःचेच तुकडे: पाय, माती उकरणारा हात, अँटेना. त्या फोटोंमधला उजेड मात्र घेऊ नका, तो दिव्यांचा आहे. आणि तिथे तिन्ही पाय सपाट फरशीवर टेकलेत. मंगळावर एक पाय साडेसोळा सेंटिमीटर रुतला होता, दुसरा जेमतेम साडेतीन. एवढ्यानेच त्याचं वजन डोळ्यांना जाणवतं. जवळपास आठ मीटरवरचा ‘बिग जो’ हा दोनेक मीटर रुंद खडकही चित्रात घ्या, नाहीतर यानाच्या आकाराचा अंदाज येत नाही.

उतरल्यावर काही सेकंदांतच यानाने पहिलं छायाचित्र घ्यायला सुरुवात केली, ते स्वतःच्या पायाचं. त्यात रिव्हेट मोजता येतात आणि पायाच्या खोलगट बशीत उडून पडलेली माती दिसते. तो पाय मी सगळ्यात शेवटी रंगवला. मातीचे दाणे ब्रशने जमेनात, नाइफच्या टोकाने घट्ट रंग एकेक करून टेकवला. त्या चार इंचांत माझे तीन रविवार गेले.