मिटताना अंगठा कुठे असतो?

वाचकांचे प्रश्न : अवजारांचं कपाट

प्रश्न : नमस्कार काका. ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आसपास, माझ्या मिस्टरांना पन्नास वर्षं पूर्ण होतायत. सासऱ्यांनी दिलेला हाडाच्या मुठीचा छोटा चाकू ते गेली वीस वर्षं खिशात बाळगतात. खोकी फोडणं, टोमॅटोच्या वेलांची सुतळी कापणं, ट्रेनमध्ये सफरचंद चिरणं, सगळं त्यावरच. पण वर्षभरापासून उजव्या अंगठ्याचा बुडाचा सांधा आखडलाय. नख अडकवून पातं ओढता येत नाही. परवा दातात धरून उघडताना मी पाहिलं आणि घाबरले. म्हणून बोटाने जरा दाबलं की स्प्रिंगने उघडतो तसला चाकू द्यायचं ठरवलंय. दोन आवडलेत. एक २८ डॉलरचा, मुठीवर मोर आणि पात्यावर दमास्कसची, म्हणजे लाटांसारख्या रेघांची, नक्षी. दुसरा १२० डॉलरचा, अगदी साधा काळा. मन मोरावर आहे. ते रोज एडिसनहून मॅनहॅटनला ट्रेनने जातात, कायद्याची काही अडचण? आणि लेस्टरचे धाकटे दीर व दिल्लीचा भाचा, दोघांनाही तस्सेच घेऊन टाकावेत का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात दोन माणसं गोत्यात येऊ शकतात. दोघांनाही घेऊ नका.

इंग्लंडमध्ये २०१९ सालच्या कायद्याने खटक्याच्या चाकूची व्याख्या रुंदावली आणि स्प्रिंगच्या मदतीने उघडणारे चाकूही तिच्यात आले. जुलै २०२१पासून असा चाकू नुसता घरात ठेवणं हाही गुन्हा आहे. दिरांना द्यायचाच असेल तर लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंत धारेचा, साधा मिटणारा चाकू द्या. तो तिथे खिशात चालतो. दिल्लीत १९८०ची अधिसूचना आहे. बटणाचे, गरारीचे (दात्यांच्या खटक्याचे) किंवा कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडमिट होणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल तर, विनापरवाना बाळगता येत नाहीत. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच, आणि तुम्ही पाहताय तसल्या चाकूंची पाती याच मापाच्या आसपास असतात. कॉलेजच्या पोराच्या खिशात मामीने दिलेली ही भेट सापडली तर ती त्याला फार महागात पडेल. भाच्याला चांगलं घड्याळ घ्या.

आता मिस्टरांचं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर वाढलो आणि गेली सत्तावीस वर्षं ओरेगनमध्ये, पोर्टलंडला खेटून असलेल्या बीव्हर्टनमध्ये राहतो. अमेरिकेतल्या चाकूंचं हे माहेरघर म्हणायला हरकत नाही. चाकूच्या कंपन्यांत गर्बर आणि लेदरमन पोर्टलंडच्या, बेंचमेड ओरेगन सिटीची, कर्शॉ आणि सीआरकेटी माझ्या घरापासून थोड्याच अंतरावरच्या टुअलटिनच्या. तुम्ही म्हणता तो प्रकार १९९०च्या दशकात ब्लॅकी कॉलिन्स आणि हवाईचे केन अनियन या कारागिरांनी घडवला. कर्शॉने तो इतका पसरवला, की आज हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारीही टांगलेला दिसतो.

आत काय असतं ते सांगतो, म्हणजे निवड सोपी होईल. मुठीत एक वाकवलेली पोलादी तार असते. चाकू मिटलेला असताना ही तार पात्याला आतच दाबून धरते. पात्याच्या बुडाशी बाहेर आलेला एक छोटा कान असतो, त्याला फ्लिपर म्हणतात. तर्जनीने तो दाबला की पातं थोडं बाहेर येतं, तार मधला टप्पा ओलांडते आणि मग तीच पात्याला पुढे ढकलते. म्हणजे सुरुवात माणसाची, शेवट तारेचा. मुठीवरचं बटण दाबून सुटणाऱ्या चाकूत आणि यात हाच फरक आहे आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेही तो मान्य केला आहे. १९५८चा स्विचब्लेडचा, म्हणजे अशा बटणाच्या चाकूंचा, कायदा २००९ साली दुरुस्त झाला आणि ज्यांचं पातं मुळात मिटलेलं राहू पाहतं व हाताचा जोर लावूनच उघडतं, ते चाकू त्यातून वगळले गेले. राज्यांचे आणि शहरांचे नियम मात्र वेगळे.

दुखऱ्या अंगठ्यासाठी हा फ्लिपर खरंच वरदान आहे. अंगठा लागतच नाही, तर्जनी पुरते. पात्यावर खुंटी असलेला चाकू मात्र घेऊ नका, तो अंगठ्यानेच उघडायचा असतो.

पण ताई, उघडण्याची करामत दुकानदार दाखवतो. मिटवून कोणी दाखवत नाही. अशा बहुतेक चाकूंना लायनर लॉक असतं. पातं उघडलं की मुठीतली एक पातळ पट्टी त्याच्या बुडामागे येऊन अडते. मिटताना अंगठ्याने ती पट्टी बाजूला रेटायची, पातं ढळलं की अंगठा चपळाईने वर काढायचा आणि उरलेलं पातं आत ढकलायचं. अंगठा ऐन पात्याच्या वाटेत. त्यात उघडताना मदत करणारी तार आता उलटा विरोध करत असते. आखडलेल्या अंगठ्याला हे उघडण्याहून जड आहे. तुम्ही मोराचा चाकू दिलात तर मिस्टर तो झोकात उघडतील आणि मिटायला दोन्ही हात वापरतील, किंवा पातं मांडीवर दाबतील. हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

म्हणून लॉक आडव्या दांडीचं घ्या. मुठीच्या दोन्ही बाजूंना दांडीची टोकं बाहेर दिसतात. अंगठा आणि तर्जनीने ती मागे ओढायची, जोर दोघांत वाटला जातो आणि एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही. बेंचमेडने १९९८च्या सुमारास हे लॉक बाजारात आणलं. त्यांच्या बॅराज या चाकूत ते स्प्रिंगसकट मिळतं, धाकट्या आवृत्तीचं पातं तीन इंचांच्या किंचित आत आहे. पण त्याला फ्लिपरऐवजी खुंटी आहे, हेही सांगायला हवं. दांडी मागे ओढून ती खुंटी मधल्या बोटानेही ढकलता येते, सवयीचा भाग आहे. आणखी एक जात बघा : स्प्रिंग मुळीच नाही, पातं छोट्या बेअरिंगवर फिरतं, फ्लिपर आहे आणि लॉक आडव्या दांडीचं. उघडताना तर्जनीने जरा ठसक्यात दाबावं लागतं, पण मिटताना विरोध करायला तार नाही. तुमच्या वर्णनावरून माझा कल या दुसऱ्या जातीकडे झुकतो. तुमचं मन स्प्रिंगवर आहे हे कळतं, तरीही.

सरप्राइज सोडा. मिस्टरांना दुकानात न्या, तिन्ही प्रकार हातात द्या आणि प्रत्येक चाकू दहा वेळा उघडून दहा वेळा मिटायला सांगा. सातव्या-आठव्या खेपेला अंगठा स्वतःच बोलेल. मग चाकू मिटलेला असताना टोक जमिनीकडे करून मनगटाने जोरात झटका द्यायला लावा. पातं तसूभरही हललं तर तो चाकू परत ठेवा. स्वतः सोसून शिकलेली गोष्ट आहे ही. शनिवारच्या एका बाजारातून मी पितळी मोर जडवलेला चाकू घेतला होता. चार महिन्यांत तार सैल पडली. गॅरेजमध्ये खोकं उचलताना तो खिशातच अर्धा उघडला आणि किल्ल्यांसाठी हात घातला तेव्हा दोन बोटं चिरली. पाच टाके पडले. मोर अजून सुंदर आहे, पण चाकू खिळा ठोकून कायमचा बंद केलाय.

नक्षीची ओढ मला कळते. आमच्या आजीचा पितळी अडकित्ता होता, वर घोडा, कडेला घुंगरू. त्या कारागिराची अक्कल मला मोठेपणी दिसली. सगळं कोरीवकाम टोकाला आणि पाठीवर, आणि जिथे तळहात दाबतो तिथे नितळ पितळ. पन्नास वर्षं सुपारी कातरूनही आजीच्या हाताला कधी घट्टा पडला नाही. चाकूच्या मुठीवर उठावदार मोर असला तर सफरचंद चिरताना तो तळहातात रुततो आणि पिसाऱ्याच्या खाचांत फळाचा रस साचून चिकट होतो. अगदी गुळगुळीत शिंपल्याची मूठ ओल्या हातात निसटते. नक्षी उथळ असावी आणि पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्याजवळच्या धातूवर असावी.

२८ डॉलरच्या चाकूवरचं दमास्कस बहुधा लेझरने उमटवलेलं चित्र असेल. खरे थर दिलेल्या पोलादात रेघा पात्याच्या पाठीवरूनही पलीकडे जाताना दिसतात. छापलेल्यात पाठ कोरी असते. जुन्या दमास्कस तलवारींचं पोलाद तर आपल्या दक्षिणेतून जायचं, तेलंगणातलं कोनासमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होतं. ते मुशीत वितळवलेलं, त्याची नक्षी पोलादाच्या पोटातून यायची. आजचं थरांचं काम वेगळं, चांगलं असेल तर तेही देखणं. पण रोजच्या फळ-सुतळीला १४सी२८एन हे स्वीडिश पोलाद मला जास्त आवडतं. आंबट रसाने सहसा गंजत नाही आणि साध्या दगडावर धार परत येते. ‘सर्जिकल स्टील’ एवढंच लिहिलेलं असेल तर दुकानदाराला पोलादाचं नेमकं नाव विचारा.

माझ्या मते आडव्या दांडीच्या लॉकचा साधा काळा घ्यावा आणि मुठीच्या धातूवर दागिन्यांचं कोरीवकाम करणाऱ्याकडून मोर कोरून घ्यावा. आधी कंपनीला विचारा, कोरल्याने वॉरंटी जाते का ते. आणि चाकू घरी खोलू नका, तार उडते.

मॅनहॅटनचं असं : न्यूयॉर्क शहरात चार इंच किंवा त्याहून लांब पातं सार्वजनिक जागी बाळगता येत नाही आणि त्याहून लहान चाकूही लोकांना दिसेल असा ठेवता येत नाही. खिशाच्या काठावर बाहेर चमकणारी क्लिप लोक विसरतात. ती काढून टाकायला सांगा, चाकू खिशाच्या तळाशी किंवा बॅगेत राहू दे. न्यू जर्सीत चाकू कशासाठी जवळ आहे हे पाहिलं जातं. सफरचंद आणि सुतळी ही प्रामाणिक कारणं आहेत. मुलांच्या शाळेत जाताना तो घरी ठेवावा. केंद्र सरकारच्या इमारतींत अडीच इंच किंवा त्याहून लांब पातं चालत नाही, आणि विमानात केबिनच्या सामानात कुठलाच चाकू नाही.

सासऱ्यांचा चाकू फेकू नका हे सांगायची गरज नसावी. हाडाची मूठ उन्हात तडकते, म्हणून तो सावलीत ठेवा, पात्यावर खनिज तेलाचा हात फिरवून आणि सुती फडक्यात गुंडाळून.

वाढदिवस दसऱ्याच्या सुमारास आहे म्हणता, तर खंडेनवमीला दोन्ही चाकू शेजारी मांडून पूजा होईल. हळदकुंकू मुठीच्या टोकाला लावा, पात्याच्या खिळ्याजवळ नको. ओलं कुंकू आत गेलं की बेअरिंगमध्ये कचकच सुरू होते. संध्याकाळी कोरड्या ब्रशने झटकून खिळ्यावर तेलाचा एकच थेंब सोडा.