मुंबई-गोवा महामार्गावर, रत्नागिरीजवळच्या हातखंबा तिठ्यावर गाड्या मोजल्या. ताशी संख्या (तासाभरात किती गाड्या पुढे गेल्या) आणि वेग यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीने बदलतात याचं माप, शून्याजवळ आला. म्हणजे संबंधच नाही का?

आहे, पण सरळ रेषेतला नाही, आणि सहसंबंध गुणांक मोजतो तो फक्त तसाच. आधी आलेखावर ठिपके मांडून बघा. ताशी संख्या दोन वेळी कमी दिसते: पहाटे रस्ता मोकळा असताना, आणि गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या जागच्या हलत नाहीत तेव्हा. एकाच संख्येला दोन वेग! ठिपके घोड्याच्या नालेसारखे वळतात, त्यातून रेषा काय ओढणार?

त्याऐवजी घनता घ्या, म्हणजे एका किलोमीटरात किती गाड्या. ताशी संख्येला वेगाने भागलं की ती मिळते (शक्य असेल तर फोटोवरून थेट मोजा, ते जास्त खात्रीचं). घनता वाढली की वेग साधारण सरळ रेषेत उतरतो. ग्रीनशिल्ड्स या अमेरिकन वाहतूक अभियंत्याने १९३५ मध्ये हेच मांडलं. रेषा वेगाच्या अक्षाला जिथे छेदते, तो मोकळ्या रस्त्यावरचा वेग. गुणांक उणे ०.८ आला, तर त्याचा वर्ग ०.६४, म्हणजे वेगातल्या फरकाचा ६४ टक्के भाग या रेषेने उलगडतो. उरलेल्यात पाऊस, खड्डे, ट्रक. धो-धो पावसाचे दिवस मात्र वेगळेच काढा.