दुसऱ्या देशातल्या खटल्यात आपल्या सरकारने दबाव आणणं योग्य आहे का?

दबाव कशासाठी, त्यावर आहे. कुलभूषण जाधवांचंच घ्या. पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना फाशी सुनावली, तीही भारतीय अधिकाऱ्यांना एकदाही भेटू न देता. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २०१९ चा निकाल १५ विरुद्ध १: पाकिस्तानने व्हिएन्ना करार (परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देण्याचा) मोडला, शिक्षेचा फेरविचार करावा. सुटकेची मागणी मात्र फेटाळली. (आपल्याकडे हा भाग सोयीने विसरला जातो.) वकील द्या, भेटू द्या, नीट सुनावणी करा, इतकं मागण्यात गैर काहीच नाही.

याउलट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ब्राझीलचे माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरचा सत्तापालटाच्या कटाचा खटला थांबवा म्हणत ब्राझीलच्या अनेक वस्तूंवर ५० टक्के आयातशुल्क लादलं. ही निव्वळ दमदाटी. तरी ब्राझीलच्या न्यायालयाने बोल्सोनारोंना दोषी ठरवलंच.